पत्रे बदलले तो आठवडा

गाय कुरडया खात होती आणि मी तिच्याकडं पाठ करून आंबा चोखत बसलो होतो.

कुरडया माझ्या बायकोच्या, गाय शेजारच्या गवळ्याची आणि राखण माझी. अनसूयानं सकाळीच अंगणात खाट टाकली, तिच्यावर जुनं लुगडं पसरलं, त्यावर कुरडया घातल्या आणि आत जाताना मला बजावलं, "कावळे तेवढे बघा. दुसरं काही करू नका." मी कावळेच बघत होतो. आभाळात एकही नव्हता. आंबा रायवळ होता, गोड होता, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता घरच्या अंगणात बसून आंबा चोखायचा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

गाय आल्याचं कळलं ते अनसूया माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली तेव्हा. हातात लाटणं, चेहरा लाल आणि तोंड चालू.

"कधीपासनं हाका मारायलेय मी. अर्ध्या कुरडया गेल्या त्या गायीच्या पोटात. कानात बोळे घातलेत का?"

"डुलकी लागली गं," मी म्हणालो.

"आंबा चोखता चोखता?"

गायीला हाकलायला उठलो, तर ती माझ्याआधीच तोंड पुसत निघाली होती. आमची सात वर्षांची वैजू दारात पोट धरून हसत होती. मीही हसलो. पण मनातून चरकलो. सात दिवसांतला हा पहिला दिवस, आणि तोही अजून निम्मा व्हायचा होता.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. मी इचलकरंजीत एका मागाच्या कारखान्यात विणकर होतो. अठ्ठेचाळीस माग, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. त्या वर्षी मे महिन्यात मालकाच्या मनात आलं की पावसाच्या आधी छपराचे पत्रे बदलून घ्यावेत. मग सोमवार ते रविवार कारखाना बंद. लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण सलग सात दिवस मी घरी कधी बसलो नव्हतो. बाकीचे विणकर गावाला गेले, कुणी जोतिबाला गेलं. मी मात्र धास्तावून घरी आलो. कारण मला ऐकू येत नव्हतं.

अगदीच दगड झालो होतो असं नाही. कुणी बोलतंय एवढं कळायचं, काय बोलतंय ते कळायचं नाही. दोन वर्षं हे चाललं होतं आणि कुणालाही पत्ता नव्हता. तुम्ही म्हणाल, असं कसं? एकदा मागाच्या कारखान्यात येऊन उभे राहा म्हणजे समजेल. तिथं कुणी बोलतच नाही. अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात घसा फोडला तरी शेजारच्याला जात नाही. म्हणून सगळे नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठांवरून ओळखतो. नवा पोरगा दोन महिन्यांत शिकतो. तिथं कानानं धड माणूस आणि बहिरा माणूस दोघं एकाच मापाचे. आणि घरी येऊन उरलेले बारा तास झोपण्यात जायचे. बायको काही बोलली तर तोंडाकडं बघायचं, ओठ वाचायचे, उत्तर द्यायचं. एवढ्यावर माझं भागत होतं.

आता माग बंद झाले होते. माझ्या कानातले मात्र चालूच होते, खडखडाट तसाच. बाकी सगळं गाव गप्प, आणि त्या गप्प गावात मला दोन बोलक्या बायकांबरोबर आठवडा काढायचा होता. एक मोठी, एक छोटी.

लपवायचं कारण होतं. आमचे जॉबर सिद्धाप्पा, त्यांना सगळे आप्पा म्हणत, पुढच्या महिन्यात काम सोडणार होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. मागाचं दुखणं त्याला आवाजावरून कळावं लागतं. अठ्ठेचाळीसांतला एक माग जरा वेगळा वाजला की पंचवीस पावलांवरून आप्पा मान वळवत. मग मागात हात घालून दुरुस्ती. हात आत असताना कुणी चुकून माग चालू करायला गेला तर दुसरा विणकर जोरात शीळ घालतो, आणि शीळ ऐकू आली की हात बाहेर. खडखडाटात बोलणं जात नाही, पण शीळ जाते. ज्याला कान आहे त्याला जाते. आप्पांनी त्यांच्या जागी माझं नाव धरलं होतं. माझा हात चांगला होता, तुटलेला धागा मी डोळे मिटून जोडायचो. आप्पा सांगतील तो जॉबर, मालक त्यात बोलत नसे. आणि जॉबरला रातपाळी नसते. पंधरा वर्षं रात्री जागून काढलेल्या माणसाला विचारा त्याची किंमत.

कारखाना बंद झाला त्या दिवशी आप्पा गेटवर माझ्यासमोर उभे राहून म्हणाले होते, "म्हादू, शुक्रवारी येतो तुझ्याकडं जेवायला. अनसूयाला म्हणावं आमरस कर. मग बघू." त्या 'बघू'चा अर्थ सगळ्या कारखान्याला ठाऊक होता.

मंगळवारी मी वैजूला सायकलच्या दांडीवर बसवून पंचगंगेच्या घाटावर नेलं. वैजूचं तोंड एकदा उघडलं की झोपेपर्यंत मिटत नसे. पण दांडीवर बसली की तोंड रस्त्याकडं आणि माझ्यापुढं नुसत्या दोन वेण्या. वेण्या हलत होत्या म्हणजे काहीतरी सांगत असणार. मधेच तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. उत्तर हवं होतं. मी म्हणालो, "होय की. का नाही?"

घाटाच्या अलीकडं रसवंतीगृह होतं. तिथं सायकल लावल्यावर बाईसाहेबांनी दोन ग्लास रस मागवला. दोन्ही स्वतःला.

"दोन कशाला गं?"

"तुम्हीच होय म्हणालाय, आण्णा. आत्ता, मोठ्या झाडापाशी."

शब्द दिला होता, आता काय करणार? दोन ग्लास रिचवून पोर पाण्यात उतरली. उन्हाळ्याचं कमरेएवढं पाणी, ट्रकची जुनी ट्यूब, ट्यूबच्या मधोमध वैजू आणि समोर मी. तिथं मात्र तिचं तोंड सारखं माझ्याकडं होतं. शाळेतल्या बाई कशा चालतात, शेजारच्या मांजरीला पिल्लं किती, तिनं सगळं सांगितलं आणि माझ्याकडनं एक शब्द सुटला नाही. मला तिचा आवाजही येत होता. बारीक, जरासा चिरका. मला फार बरं वाटलं. म्हटलं, बाकी कुणाचं नसेना, पोरीचं ऐकू येतंय.

बुधवारी तिनं विचारलं, "कारखान्यात तुम्ही कसं बोलता?" मग मी तिला मागवाल्यांची बोली शिकवली. आवाज सगळा गिळायचा, ओठ मोठे करायचे, एकेक अक्षर घोळवून सोडायचं. दोन बोटं कात्रीसारखी केली की धागा तुटला. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला. पोरीला हे इतकं आवडलं की दुपारपर्यंत तिनं आईला वेड लावलं. ती मुक्यानं काहीतरी बोलायची, अनसूया "काय? काय?" करायची आणि शेवटी वैतागून म्हणायची, "ही पोर आता कायमची मुकी झाली तर निस्तरा तुम्हीच." मला मात्र सगळं कळायचं. अंगणाच्या त्या टोकावरून वैजू ओठ हलवायची आणि मी इकडून उत्तर द्यायचो. शेजारणी बघत राहायच्या. गंमत आहे बघा, त्या आठवड्यात आमच्या घरात सगळ्यात तिखट कानाचा माणूस मी ठरलो होतो.

गुरुवारी दुपारी उन्हं फार झाली म्हणून आम्ही तिघं आतल्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून पडलो. अनसूयानं भडंग केलं होतं. मी तिला म्हणालो, "आण, मी कांदा चिरतो." तर माझ्या हातचा कांदा बघून तिला हसू आवरेना. हसताना ती तोंडाला पदर लावायची, आणि पदर आडवा आला की तिचं बोलणं मला परकं. पण ती हसली की मीही हसायचो. खरं सांगतो, त्या दुपारी मी सुखात होतो. माणसाला आणखी काय लागतं? मनात आलं, जॉबरकी मिळाली की अशा दुपारी मिळतील. रात्री घरी, दिवसा कामाला, चार लोकांसारखं. एवढा एक शुक्रवार पार पडू दे.

शुक्रवारी आप्पा बरोबर बाराला आले. धुवट धोतर, डोक्यावर काळी टोपी, उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नाहीत. मी त्यांना माझ्या समोरच्या पाटावर बसवलं, उजेड त्यांच्या तोंडावर पडेल असं. ही तयारी मी आदल्या दिवशीच करून ठेवली होती. अनसूया वाढायला, वैजू माझ्या शेजारी जरा तिरकी बसलेली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, वाटीत आमरस.

सगळं छान चाललं होतं. आप्पा बोलत होते, मी उत्तरं देत होतो. पत्र्यांचं काम कुठवर आलं, नवा माल कधी येतो. आप्पा जन्मभर मागावर काम केलेले, त्यांचे ओठ वाचायला सगळ्यात सोपे. दुसरी वाटी आमरस घेताना ते म्हणाले, "अनसूया, नवऱ्याला आता रात्री घरी झोपायची सवय लाव." अनसूयानं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला दिसला. काम झालं होतं.

तेवढ्यात वैजूनं माझ्या मांडीला बोट टोचलं. मी वळून बघितलं. ती माझ्याकडं तोंड करून, ओठ हे एवढे मोठे करून म्हणाली, "आईनं आप्पांना रस जास्त वाढला. मला कमी."

पाहुण्यासमोर हे असलं बोलणं. मला राग आला, लाजही वाटली. मी म्हणालो, "वैजे, ओरडून काय सांगतेस? हळू बोल. आप्पांच्या कानठळ्या बसतील."

आणि सगळे थांबले.

आप्पांचा घास हातात राहिला. अनसूया पळी घेऊन वाकली होती, ती तशीच वाकलेली. मला वाटलं, पोरगी बोलली त्याचंच सगळ्यांना अवघडल्यासारखं झालंय. मी आप्पांना म्हणालो, "लहान आहे, मनावर घेऊ नका."

वैजू टाळ्या पिटत होती. "आण्णा फसले! आण्णा फसले! मी आवाजच काढला नव्हता."

मी पोरीकडं बघत राहिलो. तिचा आवाज मला आला होता. तो बारीक, चिरका आवाज मी माझ्या कानानं ऐकला होता. मग माझ्या लक्षात आलं की तो आवाज तिचा नव्हताच. तो माझ्याच डोक्यातला होता. ती चार-पाच वर्षांची असताना जो ऐकला होता तो मी जपून ठेवला होता आणि तिचे ओठ हलले की तोच मी त्यावर घालत होतो. घाटावरही तेच. माझ्या पोरीचा सात वर्षांची झाल्यावरचा आवाज कसा आहे, ते मला माहीतच नव्हतं.

आप्पांनी घास खाल्ला. वाटीतला रस संपवला. मग खांद्यावरचा पंचा घेऊन तोंड पुसायला लागले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पुसत होते. पंचा खाली घेऊन त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काय विचारलं मी आत्ता?"

मी म्हणालो, "ऊन फार पडलंय म्हणालात."

अनसूयानं पळी भांड्यात ठेवली आणि खाली बसली.

"पोरीचं नाव कुणी ठेवलं, असं विचारलं," आप्पा म्हणाले.

जेवण झाल्यावर मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो. तिथं कडुलिंबाखाली ते थांबले, माझ्यासमोर आले आणि बोलले. गल्लीत दोनचार माणसं बसली होती. आप्पा आवाज काढून बोलले की माझी अब्रू राखायला नुसते ओठ हलवले, ते मला आजही सांगता यायचं नाही.

"ही बोटं बघितलीस? मला शीळ ऐकू आली होती. तरी गेली. तुझे दोन्ही हात जातील."

"आप्पा, मी सांभाळून—"

"कुणाकडं बघून सांभाळशील? मान मागात घातल्यावर दिसतं काय?" त्यांनी डोळे पुसले की घाम पुसला, कळलं नाही. "मालकाला मी काही सांगणार नाही. तूच सांग. सोमवारी. नाहीतर तुझ्या हाताचं पाप माझ्या डोक्यावर."

ते गेले. मी कडुलिंबाखाली बराच वेळ उभा होतो. जॉबरकीचं एवढंच सांगून टाकतो: सोमवारी मी मालकाला सांगितलं, त्यानं दुसरा माणूस घेतला आणि मी पुढं वीस वर्षं विणकरच राहिलो, एक आठवडा दिवसाचा, एक रात्रीचा. वाईट वाटलं. अजूनही वाटतं. पण ते काही सगळ्यात वाईट नव्हतं.

घरी आलो तर अनसूयानं वैजूला शेजारी पाठवलं होतं. भांडी तशीच पडली होती. तिनं मला खाली बसवलं, स्वतः पुढ्यात बसली आणि माझी हनुवटी धरून चेहरा तिच्याकडं केला. दहा वर्षांत दिवसाउजेडी तिनं असं कधी केलं नव्हतं.

"कधीपासनं?"

"झाली असतील दोन वर्षं."

"दोन वर्षं." तिचे ओठ नंतर जरा वेळ हलले, पण ते माझ्यासाठी नव्हतं, ती मनाशी मोजत होती. मग म्हणाली, "आणि मी भाकरी करताना बोलते ते?"

आता हे समजून घ्या. आमच्या घरात चूल भिंतीपाशी होती. अनसूया भाकरी करायला बसली की तिची पाठ माझ्याकडं. मी मागं ताट घेऊन बसलेला. तिची बोलायची वेळ तेवढीच. बाकी वेळ एकतर मी झोपलेला, नाहीतर कामावर. दिवसभराचं साठलेलं ती भाकऱ्या थापता थापता सांगायची. मला तिचा अंबाडा दिसायचा आणि मधून मधून बोलणं थांबल्यासारखं वाटलं की मी "हं" म्हणायचो.

"ते नाही ऐकू यायचं," मी म्हणालो.

"काहीच?"

"बोलतेयस एवढं कळायचं."

"मग अंगणवाडीचं?"

"कुठली अंगणवाडी?"

तिनं माझी हनुवटी सोडली. मग बोलली ते सगळं एका दमात, आणि मी तिच्या तोंडावरून नजर काढू शकलो नाही.

दीड वर्षापूर्वी आमच्या वॉर्डात नवी अंगणवाडी निघाली. सुपरवायझर बाई घरी आल्या होत्या. गल्लीत मॅट्रिक झालेली बाई एकच, अनसूया. त्या म्हणाल्या, उद्या अकराला या, मुलाखतीचं नुसतं नाव आहे, जागा तुमचीच. त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून अनसूयानं मला सगळं सांगितलं आणि विचारलं, "जाऊ का?" मी म्हणालो, "हं." तिनं पुन्हा विचारलं, "नक्की जाऊ ना?" मी पुन्हा म्हणालो, "हं." रात्रभर तिला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी रातपाळी करून आलो. ती लग्नातली जांभळी साडी नेसून, मॅट्रिकचं सर्टिफिकेट पिशवीत घालून दारात उभी होती. आणि मी म्हणालो, "कुठं निघालीस नटून? आधी मला जेवायला वाढ. झोपायचंय."

हे मला आठवलं. जांभळी साडी आठवली. कुणाच्या तरी बारशाला निघाली असेल असं वाटलं होतं तेव्हा. मी जेवलो, झोपलो. संध्याकाळी उठलो तेव्हा ती रोजच्या साडीत होती.

"मग मला परत का नाही विचारलंस?"

"काय विचारायचं?" ती म्हणाली. "आदल्या दिवशी दोनदा हो म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी दारात अडवायचं. मला वाटलं, ह्या माणसाला माझी थट्टा करायचीय. दीड वर्ष मी तुमच्याबद्दल मनात काय काय बोललेय, तुम्हाला कल्पना नाही. सुतारांच्या सुनेला लागली ती जागा. नववी नापास. रोज सकाळी माझ्या दारावरनं पर्स हलवत जाते."

मला रडायला आलं. मी लपवलं नाही. म्हणालो, "मला माहीत असतं तर मी तुला सायकलवरनं सोडायला आलो असतो."

"ते आता मला कळलं," ती म्हणाली. "दीड वर्षानं." आणि उठून भांडी घासायला गेली. पाठ करून.

शनिवारी सकाळी ती माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. चहा पुढ्यात आला, नाश्ता आला, बोलणं नाही. वैजूला वाटलं मुक्या बोलीचा खेळ चाललाय, ती आम्हा दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिली. मी अंगणात उरलेल्या कुरडया राखत बसलो. खाटेला पाठ केली नाही.

दुपारी चूल पेटली तसा मी नेहमीच्या जागी ताट घेऊन बसलो. अनसूयानं मान वळवली.

"तिथं नाही. इकडं या."

"कुठं?"

"चुलीच्या पलीकडं. भिंतीला टेकून बसा."

"तिथं धूर येतो."

"येऊ दे."

मी चूल आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत मांडी घालून बसलो. डोळ्यांत धूर जात होता, पण तिचा चेहरा पूर्ण दिसत होता. तिनं परातीत पीठ घेतलं, त्यात पाणी घातलं आणि म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासनं सांगते. मधे बोलू नका."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. तिची आई विहिरीवर घसरून पडली होती आणि महिनाभर अंथरुणाला खिळून होती. मी म्हणे "हं" म्हणालो होतो. वैजू बाराखडी उलटीकडून म्हणायला शिकली होती. धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं आणि त्याच मांडवात, त्याच तारखेला दुसऱ्याशी झालं. त्या लग्नाला मी जेवायला गेलो होतो आणि नवरा बदललाय हे मला माहीत नव्हतं. दूधवाला पाण्यात दूध कसं घालतो ते तिनं त्याच्यासारखा ओठ वाकडा करून दाखवलं, आणि मला ठसका लागला. माझी बायको एवढी नकलाकार आहे, हे मला दहा वर्षांत कळलं नव्हतं. तिची पाठ कुठं नकला करते?

एका ठिकाणी ती थांबली तसा मी सवयीनं म्हणालो, "हं."

तिनं पिठाचा हात वर केला. "हं नाही. मला त्या हंचा वीट आलाय. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. धड माणसासारखं."

"हो," मी म्हणालो.

शनिवारी चार भाकऱ्यांत सांगून झालं नाही म्हणून रविवारी तिनं मुद्दाम जास्त पीठ मळलं. मध्येच वैजू येऊन माझ्या मांडीवर बसली आणि तिलाही धूर लागायला लागला. पण ती उठली नाही. सांगता सांगता अनसूया दीड वर्षापूर्वीच्या त्या दिवसापर्यंत आली. मला वाटलं, हे परवाच सांगून झालंय, ते ती सोडून देईल. तिनं सोडलं नाही. तव्यावर भाकरी टाकली, पदरानं कपाळ पुसलं आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"सुपरवायझर बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "अंगणवाडीत बाई पाहिजे म्हणतात. उद्या अकराला बोलावलंय. जाऊ का?"

"जा," मी म्हणालो.

"नक्की जाऊ ना?"

"जा म्हणतोय ना. जांभळी साडी नेस. मी सोडायला येतो."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. त्या जागेवर सुतारांची सून लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं.